उत्तनची सागरमाता आणि वलांडीवरचे बोंबील

ठाणेकरांना मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च नवं नाही. माझी तर शाळेची वाटच त्याच्या कडेने होती. पुढे कधीतरी वाचलं, की १३२१ साली याच ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधूंना मारलं गेलं आणि त्यांच्या अस्थी ओडोरिक नावाच्या दुसऱ्या साधूने थेट चीनपर्यंत नेल्या. म्हणजे पोर्तुगीज यायच्या दोनशे वर्षं आधी! तेव्हापासून मनात होतं की शहराच्या गलबल्यातलं चर्च रोजचंच आहे, एकदा गावातलं धर्मग्राम नीट बघावं. धर्मग्राम म्हणजे चर्च आणि त्याला जोडलेली गावं-घरं, इंग्रजीतलं पॅरिश. शब्द मला फार आवडतो, त्यात गाव आहे.

जानेवारीतल्या एका रविवारी अंधारातच निघाले. घोडबंदर रस्त्याने गायमुख, काशिमिरा, मग भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस. मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं मागे पडतात, मिठागरं लागतात, डोंगरी येतं. उत्तन आधी नाकाला कळतं, मग डोळ्यांना.

इथल्या चर्चचं नाव 'अवर लेडी ऑफ द सी', समुद्राची माता. कोळ्यांच्या गावाला याहून साजेसं नाव कुठलं? मी पोचले तेव्हा मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, सुरू झाली होती. आत जागा नव्हती म्हणून दाराशी उभी राहिले. पुढच्या बाकांवर लुगडं नेसलेल्या, अंबाड्यात फुलं माळलेल्या आज्या, मागे जीन्समधली नातवंडं. आणि सगळं मराठीत! दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६० च्या दशकात लोकभाषेला वाट करून दिली, तोवर मिस्सा लॅटिनमध्ये चालायची. बोटीवर गेलेल्यांसाठी प्रार्थना झाली तेव्हा माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे मिटून ओठ हलवले. कुणाचं तरी नाव घेत असाव्यात.

आपण सहज बोलून जातो, 'पोर्तुगीजांचं चर्च'. हे मला आता पटत नाही. गुजरातच्या बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, त्यांच्यामागून फ्रान्सिस्कन आणि जेझुइट धर्मगुरू आले, हे खरं. पण १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं आणि साष्टी (उत्तनही ज्यात येतं ते मुंबईच्या उत्तरेचं बेट) घेतली, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांपुढे वसई पडली, आणि पोर्तुगीज पाद्री निघून गेले. शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळायची मुभा होती. गावातली चर्चं गोव्याच्या आणि इथल्याच धर्मगुरूंच्या हाती आली. पोर्तुगीजांचा अंमल दोनशे वर्षांचा, त्यानंतरच्या पावणेतीनशेहून जास्त वर्षांत ही धर्मग्रामं इथल्या कोळ्यांनी, कुणब्यांनी, आगऱ्यांनी जगवली. मालकी कुणाची म्हणायची?

पुढेही सुख नव्हतंच. गोव्याकडून चालणारी पोर्तुगीज राजाश्रयाची व्यवस्था आणि थेट रोमहून चालणारी व्यवस्था यांत साष्टीतली गावं शंभराहून अधिक वर्षं ओढली गेली. एकाच प्रदेशात दोन बिशपांचे दोन हुकूम! ते १९२८ च्या कराराने संपलं. मधेच १८९६ चा प्लेग आला. साष्टीतल्या कितीतरी पाखाड्यांच्या (गावातल्या वस्त्यांच्या) तोंडाशी दिसणारे क्रूस त्या काळातले आहेत. गावाने घाबरून, हात जोडून उभारलेले.

दुपारी किनाऱ्यावर गेले. बांबूच्या वलांड्यांवर, म्हणजे मासे वाळवायच्या मांडवांवर, बोंबलांच्या रांगाच रांगा. एक मावशी चटाचटा बोंबील चढवत होत्या. मी वाकून बघितलं. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टांगायची. गाठ नाही, काडी नाही, त्यांचेच बारीक दात एकमेकांना धरून ठेवतात. पाण्याने भरलेला, हातातून निसटणारा मासा तीन-चार दिवसांत खडखडीत वाळतो.

"तुम्ही सकाळी मिस्साला होता ना?" मी विचारलं.

"पहिल्या मिस्साला गेले, बाय. मग हे कोण करील?" हात थांबले नव्हते. म्हणाल्या, त्यांची सासू याच जागी बोंबील घालायची, सासूची सासूही. चर्चच्या बांधकामाला गावातल्या बायांनी डोक्यावरून रेती वाहिल्याचं त्यांनी सासूकडूनच ऐकलेलं. कुठलं बांधकाम, कितवं, ते त्यांना सांगता आलं नाही. डोक्यावरची रेती मात्र लक्षात राहिली होती.

उन्हं कलताना उत्तनजवळच्या चौक गावी धारावीच्या किल्ल्यावर (मुंबईतली धारावी नव्हे) चढले. वसईच्या मोहिमेत १७३९ मध्ये हा आधी पडला. खाडीपलीकडे वसई धूसर दिसते. तिथल्या चर्चांच्या घंटा मराठ्यांनी आपल्या देवळांना वाहिल्या, नाशिकच्या नारोशंकराची घंटा मी लहानपणी डोळे भरून पाहिली आहे. ती इथून पलीकडच्या तीरावरची, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

खाली उतरले तर मावशी सुके बोंबील टोपलीत भरत होत्या. पाव किलो मागितले, त्यांनी वर मूठभर घातले. "ठाण्याला नेशील तर पिशवी घट्ट बांध गो." दोन गाठी मारल्या. बस भाईंदरला पोचेपर्यंत शेजारचा माणूस दोनदा हसून विचारून गेला, "उत्तनचे ना?"