पुराची लोकर आम्ही विकली नाही

आमचं लोकरीचं दुकान १९८८ च्या दसऱ्याला सुरू झालं. कल्पना वन्संची, माझी नव्हे. मी बी.कॉम. होऊन या घरात आले तेव्हा मला सुई धरता येत नव्हती. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला शिवण-विणकाम शिकवायच्या. १९६२ च्या चीन युद्धात देशभर बायका-मुली जवानांसाठी विणत होत्या, तेव्हा चौदा वर्षांच्या वन्संनी पहिला मफलर विणला. सगळा एक ओळ सुलट, एक ओळ उलट; कडेला गार्टरचे, म्हणजे दोन्ही ओळींत सुलट, टाके घ्यायचे असतात हे माहीत नव्हतं, त्यामुळे कडा आत वळल्या. "तरी पाठवला गं, थंडीला कडा दिसत नाहीत," असं त्या अजून सांगतात.

भांडवल म्हणजे त्यांच्या प्रॉव्हिडंट फंडातले आठ हजार आणि माझ्या दोन बांगड्या. घराच्या पुढच्या खोलीत दोन काचेची कपाटं. लोकर लुधियानाची, त्या वेळी बहुतेक लडीतच यायची. गिऱ्हाईक समोरच्या स्टुलावर दोन्ही हात पुढे करून बसायचं, वन्सं त्या हातांवर लडी चढवून गुंडा करायच्या आणि तेवढ्या वेळात तिच्या नवऱ्याच्या छातीचं माप, बाहीची लांबी, गळा गोल की व्ही, सगळं ठरायचं. मग सासऱ्यांनी पतंगाच्या आसारीसारखी एक लाकडी फिरकी बनवून दिली. शिसवीचा दांडा, चार सागवानी पट्ट्या. तिच्यावर ३१ वर्षं लोकर गुंडाळली गेली.

सुया पहिल्यापासून निलगिरीत बनणाऱ्या पोनीच्याच, करड्या अॅल्युमिनियमच्या. आठ नंबर म्हणजे चार मिलिमीटर, दहा म्हणजे सव्वातीन, बारा म्हणजे पावणेतीन. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकेत उलटं. त्यांची आठ नंबर पाच मिलिमीटरची असते. मोबाइलवरून अमेरिकन नमुना उतरवून आमची आठ नंबर घेऊन जाणाऱ्या मुलींना मी दारातच थांबवते. नंबर विसरा, मिलिमीटर बघा. आणि मापासाठी चार इंची चौकोन विणल्याशिवाय स्वेटरचे टाके घालू नका. दोन तास वाचवायला जाता आणि पंधरा दिवसांचं काम उसवता.

क्लास १९८९ ला सुरू झाला. महिना तीस रुपये, दुपारी तीन ते पाच. शिकवायच्या वन्सं, मी शेवटच्या रांगेत शिकायला. माझा पहिला स्वेटर त्यांनी चार वेळा उसवायला लावला. चौथ्यांदा मी रडले. त्या म्हणाल्या, "उसवता आलं की विणता येतं. चल, मुंड्यापासून." आमच्या क्लासमध्ये पहिल्या आठवड्यात गळलेला टाका क्रोशाच्या सुईनं खालून वर कसा उचलायचा ते शिकवतात. विणणं दुसऱ्या आठवड्यात.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. दुकान चाललं. पुण्यातल्या सहकारनगरच्या खालच्या अंगाला, आंबिल ओढ्यापासून शंभरेक पावलांवर गाळा घेतला, मुलांची शिक्षणं झाली. हिवाळ्यात तिबेटी लोकांचा स्वेटर बाजार भरू लागला, तयार स्वेटर स्वस्त झाले, हातानं विणणाऱ्या कमी झाल्या. शाळांतून विणकाम जवळजवळ गेलंच. तरी क्लासमध्ये वीस-बावीस जणी कायम होत्या.

२०१५ च्या नोव्हेंबरात क्लासमधली एक मुलगी सात महिन्यांतच बाळंत झाली. बाळ एक किलो तीनशे ग्रॅमचं. तिला बघायला गेले तेव्हा नवजात कक्षातल्या सिस्टरांनी मला कांगारू पद्धत समजावून सांगितली. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून ती सुरू झाली. बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायचं, अंगावर लंगोट, टोपी आणि पायमोजे एवढंच. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं, तिथून ऊब जाते, म्हणून टोपी हवीच. आणि टोप्या पुरत नव्हत्या.

पुढच्या मंगळवारी क्लासमध्ये विषय काढला. त्या आठवड्यात अकरा टोप्या झाल्या. आमची टोपी अशी: मऊ चार प्लाय (चार पदरी) बेबी लोकर, दहा नंबर सुई, इंचाला सात टाके. पूर्ण दिवसांच्या बाळाला ८४ टाके, लवकर आलेल्याला ७२. काठ दोन सुलट दोन उलट, डोक्याला बाराबारा टाक्यांचे भाग पाडून टाके कमी करत जायचं. गोंडा नाही, मणी नाही, फीत नाही, जाळीची वीण नाही, कारण जाळीत बोट अडकतं. शिवण बाहेरच्या बाजूला. शंभर ग्रॅमच्या गुंड्यात चार होतात, हात बसला की पाच.

इथे पोस्टातल्या मावशींबद्दल लिहिलंच पाहिजे. मावशी पोस्टातून निवृत्त झालेल्या, क्लासला १९९४ पासून. त्यांची वीण साधीच, वेणीची वीण त्यांना कधी जमली नाही. पण टोप्यांच्या पहिल्याच दिवशी त्यांनी घरून एक जाड लाल पुठ्ठ्याची वही आणली. तारीख, विणणारीचं नाव, टाके किती, कोणाकडे दिली, आणि शेवटच्या रकान्यात लोकरीचं लेबल डिंकानं चिकटवलेलं, लॉट नंबरसकट (एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर). मी म्हटलं, मावशी, धर्माच्या टोपीला एवढं कशाला? त्या म्हणाल्या, "अगं बाई, वस्तू कुठून निघाली आणि कुठे पोचली हे लिहिलेलं नसेल तर ती पाठवलीच नाही असं धर." वही त्या रोज पिशवीत घालून घरी नेत. हे ध्यानात ठेवा.

२५ सप्टेंबर २०१९. पुण्यात कोणाला वेगळं सांगायला नको. त्या रात्री आंबिल ओढा फुटून वाहिला, अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, सहकारनगरच्या घरांत शिरला. शहर-जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली. आमच्या घरातलं कोणी गेलं नाही, म्हणून मी दुकानाबद्दल रडायचं नाही असं ठरवलं होतं. पहाटे शटर उचललं आणि ते जमलं नाही.

सप्टेंबरअखेर म्हणजे आमचा हंगामाचा माल भरून ठेवलेला. साडेतीनशे किलो लोकर, त्यातली वरच्या फळ्यांवरची चाळीसेक किलो कोरडी. बाकी साडेचार फूट गढूळ पाण्यात रात्रभर. स्टीलच्या मोज्याच्या सुयांवर आठवड्यात तांबेरा चढला. बांबूच्या फुगून वाकल्या. सासऱ्यांची फिरकी दाराशी उलटी पडलेली, तिच्या दोन पट्ट्या गेलेल्या. सासूबाईंनी तेव्हा नव्वदी ओलांडली होती. १२ जुलै १९६१ चं पानशेत त्यांनी पाहिलेलं. त्या चिखलात पाय न ठेवता उंबऱ्यावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आधी ओलं बाहेर काढा. हिशोब मागनं."

विमा होता. पण साठ्याची नोंदवही आणि बिलांच्या फायली त्याच गाळ्यात, टेबलाच्या खालच्या खणात. कागदाचा लगदा झाला होता. विमा कंपनीनं पुरावा मागितला, लगदा त्यांना चालला नाही. सात महिने खेटे घातले आणि मागितल्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी हातात पडलं. ही गोष्ट मला अजून सलते. दुकानदार असाल तर आज, हे वाचून झाल्यावर, प्रत्येक बिलाचा फोटो काढा आणि तो दुकानाबाहेर कुठे तरी ठेवा.

तिसऱ्या दिवशी क्लासच्या सतरा जणी पिशव्या घेऊन आल्या. गुंडा भिजला की आतून वाळत नाही, पंधरा दिवसांनी उघडला तर काळा बुरशीचा गाभा निघतो. म्हणून प्रत्येक गुंडा सोडून खुर्चीच्या पाठीवर पुन्हा लडी करायची, ती चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात जंतुनाशक घालून तीनदा धुवायची, पिळायची नाही, सावलीत टांगायची. शुद्ध लोकरीला हे चालत नाही, ती चोळली की आटते आणि घट्ट होते. ती नव्वद किलो आम्ही टाकून दिली. बाकीची अॅक्रेलिक, म्हणजे कृत्रिम धाग्याची, धुवायला दिवाळी उजाडली. सहकारनगर, पर्वती, धनकवडीच्या गॅलऱ्यांत आमच्या लड्या वाळत होत्या.

आता प्रश्न, करायचं काय. एक व्यापारी किलोच्या भावानं उचलायला तयार होता. आमचे हे म्हणाले, पाटी लावू, 'धुतलेली लोकर, निम्मी किंमत', यात फसवणूक कुठे? मलाही पटत होतं, कारण बँकेचा हप्ता होता. वन्सं ऐकेनात. "लेबलं गेली, लॉट नंबर गेले. एखादीचा स्वेटर पाठीपर्यंत आला आणि लोकर संपली, तर त्या रंगाचा गुंडा तू कुठून देणार? लॉट नसलेली लोकर गल्ल्यावर ठेवायची नाही." विषय संपला. त्यातला एक गुंडाही विकला नाही. हे मी देवघरासमोर उभी राहून सांगेन.

मग मला चेन्नई आठवली. ३१ जानेवारी २०१६ ला तिथे बायकांनी क्रोशाचे तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचं पांघरूण केलं होतं, जगातलं सगळ्यात मोठं म्हणून त्याची नोंद झाली. तुकडे जोडायचे असतील तर रंग जुळायला नको! आठ इंची चौकोन ठरवले, आठ नंबर सुई, सगळे टाके सुलट. सहा गुणिले आठ, अठ्ठेचाळीस चौकोनांचं एक पांघरूण, वजन किलोभर. दोन हिवाळ्यांत एकशे त्रेसष्ट झाली. ती गेली दौंड-बारामतीकडच्या ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर. प्रत्येक वेळी सोबत जाऊन सांगितलं की चुलीजवळ पांघरू नका, अॅक्रेलिक वितळून अंगाला चिकटतं. लहान बाळाला तर देऊच नका. देणाऱ्यानं एवढं सांगायला हवं.

बाळांच्या टोप्यांना मात्र पुरातली लोकर कधीच नाही. ओढ्याचं पाणी म्हणजे सांडपाणी, तीन धुण्यांची मला खात्री नव्हती. टोप्यांसाठी लुधियानाहून नवी लोकर उधारीवर मागवली. तिथल्या शेठजींनी जुन्या सगळ्या बिलांच्या नकलाही काढून पाठवल्या, पैसे सवडीनं द्या म्हणाले.

आणि तेव्हाच ते सुरू झालं. आमच्याच क्लासमध्ये चार वर्षं शिकलेल्या एका बाईंनी आदल्या वर्षी दोन गल्ल्या सोडून दुकान काढलं होतं. मोठं, वातानुकूलित. काढावं, धंदा कोणाच्या बापाचा नाही. त्यांच्या स्वेटरच्या गोल गळ्याचे टाके वन्संनी स्वतः तीनदा उचलून दिले होते. त्यांनी सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर लिहिलं की अमुक दुकानात पुराची लोकर नवी म्हणून विकतात आणि नाल्यातल्या लोकरीच्या टोप्या तान्ह्या बाळांना घालतात. अमुक दुकान कोणतं, ते सगळ्यांना कळलं. नोव्हेंबर हा आमचा वर्षाच्या कमाईचा महिना. त्या नोव्हेंबरात असे दिवस गेले की सकाळपासून फक्त क्रोशाची एक सुई विकली. वीस वर्षांची गिऱ्हाइकं गुंडा नाकाशी नेऊन वास घेत. आठवड्यानं नवजात कक्षातून फोन आला, टोप्या तूर्त पाठवू नका.

मी तो फोन ठेवला आणि शटर ओढून घेतलं. दुपारी तीन वाजता. दुकान विकायचं असं त्या अर्ध्या तासात ठरलंही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टातल्या मावशी कोणाला न सांगता बसनं नवजात कक्षात गेल्या. लाल वही आणि नव्या लोकरीची लुधियानाची बिलं घेऊन. सिस्टरांच्या टेबलावर त्यांनी पुरानंतरची प्रत्येक टोपी काढून दाखवली: ही तारीख, हा लॉट, हे बिल, बिलाची तारीख पुराच्या नंतरची. बहात्तर टोप्या होत्या. सिस्टरांनी शेवटपर्यंत तपासल्या. मावशी परत आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "सोमवारी वीस पाठवायच्यात. बहात्तर टाक्यांच्या जास्त."

चारच महिन्यांनी टाळेबंदी लागली. ते सगळ्यांचंच झालं, त्याबद्दल काय लिहू. क्लास फोनवर घेतला, वन्सं कॅमेऱ्यात फक्त हात दाखवायच्या. घरी अडकलेल्या कॉलेजच्या मुली क्रोशाकडे वळल्या आणि त्यांनी आम्हाला उभं केलं. आज निम्मी विक्री सुती धाग्याची आणि क्रोशाच्या सुयांची आहे. मुलींनो, एकच सांगते: बाहुलीत कापूस भरताना वीण घट्ट ठेवा, बारीक सुई घ्या. फटीतून कापूस दिसला की कामाची किंमत निम्मी होते.

त्या बाईंचं दुकान अजून आहे. रस्त्यात भेटलो तर मी बोलते. त्यांनी कधी चूक झाली म्हटलं नाही. आणि अजून, इतक्या वर्षांनी, एखादी नवी गिऱ्हाईक कपाटाकडे बघत विचारतेच, "काकू, ही पुरातली नाही ना?"

वन्संना आता काचबिंदूनं जवळजवळ दिसत नाही. त्या मंगळवारी येतात, भिंतीला टेकून चौकोन विणतात. सगळे टाके सुलट असले की बोटांना पुरतं. मागच्या आठवड्यात एका नव्या मुलीची टोपी हातात घेऊन त्यांनी काठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "त्र्याऐंशी आहेत. एक गळलाय." मोजले. त्र्याऐंशीच होते.

क्लास मंगळवारी आणि शुक्रवारी, तीन ते पाच. टोप्यांसाठी येणाऱ्यांना फी नाही, लोकर आमची, दहा नंबरच्या सुया घरी असतील तर आणा. लाल वही आता चौथी चालू आहे. चारही गल्ल्याच्या खणात, वरच्या. विचारलंत तर काढून दाखवू.