खांडस ते भोरगिरी: पावसाचं काम कुठलं, कोयत्याचं कुठलं

भीमाशंकरचं रान वाचायचं असेल तर मार्चमध्ये जावं. पावसाळ्यात सगळंच हिरवं असतं, काही उमगत नाही. मार्चात साग, ऐन उघडेबोडके होतात आणि माथ्यावरच्या सदाहरित रानाची कड पदरवाडीतूनच दिसू लागते. कोकणातल्या पायथ्याच्या खांडस गावाहून आम्ही गणेश घाटाची वाट धरली. शिडी घाट जवळचा, पण पाठीवर ओझं असताना नको. माथा गाठायला पाच-सहा तास लागतात. माणशी चार लिटर पाणी हवंच.

डोंगराच्या मधल्या टप्प्याला पदर म्हणतात. त्याच्या उतारांवर पूर्वी दळी होत. झाडं तोडायची, वाळली की जाळायची, राखेत दोन-तीन वर्षं नाचणी-वरी घ्यायची आणि जागा सोडायची. बरीच वर्षं पडीक राहिली तर झाडोरा परततो. लवकर परत जाळली तर कारवीची झुडपं माजतात. झाडांच्या सावलीतली कारवी वेगळी, ती तिथलीच. पण उघड्यावर, सरळ कडेची, नुसती कारवीच दिसली तर तिथे जुनी दळी असण्याचा संशय घ्यावा. ओढ्याच्या कडेनं वळत जाणारी हिरवी पट्टी मात्र पाण्याची करणी.

माथ्यावर पाऊस उदंड, पण चारच महिने. केरळच्या दक्षिण घाटात कोरडे महिने तीन-चार, इथे सात-आठ. म्हणून तिकडची गगनभेदी झाडं इथवर पोचतच नाहीत. इथे जांभूळ, अंजनी, पिसा, तेही बहुधा दहा-पंधरा मीटरचे. ठेंगणेपणा दिसला की तोड झाली असणार असं लोक धरून चालतात, ते चूक. खोड बघावं. वाऱ्यानं घडवलेलं झाड एकखोडी असतं, पूर्वेला कललेलं, माथा कातरल्यासारखा सपाट. तोडलेल्या जांभळाच्या बुंध्याशी मात्र चार-पाच सारख्या जाडीची खोडं गोल उभी असतात आणि मधे कुजक्या खुंटाचा खळगा. पाचोळा हातानं बाजूला केला की तो सापडतो.

एकदा उघडी पडलेली जागा पुन्हा सदाहरित होणं अवघड. जांभळाची बी काही आठवड्यांतच निकामी होते, तिला सावली आणि ओला पाचोळा लागतो. उघड्या उतारावरची माती पावसात वाहून जाते, गवत येतं आणि उन्हाळ्यात ते वणव्यात पेटतं. रोप जगणार कसं?

देवराईत फरक लगेच जाणवतो. गारंबीच्या मांडीएवढ्या वेली, हातापेक्षा लांब शेंगा. गारंबीला जुनी, धडधाकट झाडं लागतात, म्हणून ती दिसली की त्या जागी कोयता फारसा फिरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी गुप्त भीमाशंकरवरून भोरगिरीला उतरलो. पूर्वेला पाऊस झपाट्यानं कमी होतो आणि शेत वाढतं. १९८५ मध्ये अभयारण्य झालं, पण झाडांच्या आकारात त्याआधीची शतकं तशीच आहेत. बांधावरचे हिरडे बघा. बाजूचं सगळं तुटलं, हिरडा राहिला, कारण बाळहिरड्याला, म्हणजे त्याच्या वाळवलेल्या कोवळ्या फळांना, पैसे मिळतात. आंब्याचंही तसंच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमारासाठी साग-शिसव घ्यायला सांगितलं आणि रयतेचे आंबे-फणस तोडायला मनाई केली, कारण ते वाढायला वर्षानुवर्षं लागतात.

ऐनाची गत निराळी. तो राबाला, म्हणजे पेरणीआधी भाताच्या रोपवाटिकेची जमीन भाजायला, जातो. हेक्टरभर भाताला सुमारे १० गुंठे रोपवाटिका लागते, तिच्यावर शेण, ऐनाच्या टहाळ्या, पातेरा आणि वर मातीचा पातळ थर. पेटवायचं ते वाऱ्याच्या उलट बाजूनं, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध हळू सरकते आणि जमीन खोलवर भाजते. वाऱ्यासोबत पेटवलं तर वरचा पाला भुर्रकन जळून जातो आणि तणाचं बी खाली जिवंत राहतं. टहाळ्यांसाठी दर वर्षी तोडला जाणारा ऐन भोरगिरीच्या बांधांवर खांबासारखा उभा दिसतो: जाड खोड, फांद्या आखूड, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला जुन्या छाटणीच्या गाठींचा मुठीएवढा गोळा.