इमॅजिकाला एक दिवस, बाकीचे दर्याला

आमच्या घरात सहलीचं ठिकाण पाच मिनिटांत ठरतं. घोडं अडतं ते किती दिवस यावर. यंदा फेब्रुवारीच्या सुरुवातीला दीर-जाऊ मुलांना घेऊन अमेरिकेहून आले, ते विमानातच तयार केलेली एक एक्सेल शीट घेऊन. त्यात खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला दोन दिवस, तिसऱ्या दिवशी सकाळी ‘राहिलेल्या राइड्स’, आणि अलिबाग, तिथल्या समुद्रातला कुलाबा किल्ला, काशीद, जंजिरा या सगळ्यांना मिळून उरलेला दीड दिवस. समुद्र काय, बघून होतो, असा एकंदर सूर.

भावोजींचा हिशोब होता ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डचा, आणि तिथल्यापुरता तो बरोबरच आहे. तिथलं पहिलं पार्क, मॅजिक किंगडम, 1971 साली उघडलं. मग 1982 मध्ये एपकॉट, 1989 मध्ये आताचं हॉलिवूड स्टुडिओज आणि 1998 मध्ये अ‍ॅनिमल किंगडम. चार थीम पार्क, वर दोन वॉटर पार्क, आणि सगळा पसारा शंभर चौरस किलोमीटरच्या घरात. एका पार्कातून दुसऱ्यात जायला बस धरावी लागते. तिकिटंही अशी बेतलेली, की दिवस वाढवाल तसा दर दिवसाचा भाव उतरत जातो. ‘एवढे खर्च केलेत, तर अजून एक दिवस’ असं करत माणूस आठवडा तिथेच काढतो. तशी सोयच करून ठेवली आहे.

खोपोली-पाली रस्त्यावरचं आपलं इमॅजिका 2013 साली सुरू झालं. एक थीम पार्क, त्याला लागून एक वॉटर पार्क. तिथे ऑर्लँडोचं गणित लावायचं म्हणजे तालुक्याच्या जत्रेला पंढरपूरच्या वारीची तयारी करण्यासारखं. मी म्हटलं, थीम पार्कला एक दिवस पुरे, वॉटर पार्क या खेपेला नको, आणि मुक्काम खोपोलीत किंवा लोणावळ्यात न करता थेट अलिबागजवळ, समुद्राकाठच्या नागावला.

“वहिनी, एका दिवसात होत नाही,” भावोजी म्हणाले.

“होत नाही तेवढं सोडून द्यायचं,” मी म्हटलं. जाऊबाई हसल्या. त्या माझ्या बाजूने आहेत हे मला तेव्हाच कळलं.

किती दिवस हा प्रश्न खरं तर पार्काला विचारायचा नसतो, बरोबरच्या सगळ्यात लहान मुलाला विचारायचा असतो. आमचा धाकटा पहिलीत आहे. थोरली नववीत, आणि जावेची दोघं मधल्या वयाची. सकाळी फाटक उघडताना चौघंही सारखीच उड्या मारत होती. जेवणानंतर मात्र धाकट्याचे पाय जड झाले, आणि चार वाजता तो कशावरूनही रडायला तयार होता. मोठ्यांची कथा वेगळी नव्हती, ते फक्त रडत नव्हते. दुसऱ्या दिवशी याच फाटकातून पुन्हा आत यायचं असतं, तर कोणाचाच चेहरा बघवला नसता.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आठवड्याच्या मधला वार गाठायचा. मात्र हिवाळ्यात मधल्या वारीसुद्धा शाळांच्या सहलींच्या बस लागलेल्या असतात, तेव्हा शुकशुकाट मिळेल अशा भ्रमात राहू नये. आत शिरल्यावर फोटोबिटो बाजूला ठेवून मोठ्यांनी आधी नायट्रो गाठावा. हा तळ नसलेल्या डब्यांचा रोलर कोस्टर आहे. पाय मोकळे लोंबकळत असतात, उंची सुमारे 40 मीटर, वेग ताशी 105 किलोमीटरच्या आसपास. थोरली उतरली ती थेट दुसऱ्यांदा रांगेत जाऊन उभी राहिली. मी खाली पर्सा सांभाळत उभी होते आणि त्यात मला कसलाही कमीपणा वाटत नाही. प्रत्येक मोठ्या राइडच्या तोंडाशी उंची मोजायची पट्टी असते. मुलाला कशात बसू देतील हे घरी भिंतीपाशी उभं करून आधीच बघून ठेवा, नाहीतर रांगेच्या शेवटी जो आकांत होतो तो सगळी रांग ऐकते.

दुपारच्या उन्हात पाण्याची राइड, राजासॉरस रिव्हर अ‍ॅडव्हेंचर. नाव उगीच ठेवलेलं नाही. राजासॉरस नर्मदेन्सिस हा खरोखरचा भारतीय डायनोसॉर, गुजरातेत बालासिनोरजवळच्या राहिओलीला त्याची हाडं सापडली आणि 2003 मध्ये त्याचं बारसं झालं. हे सांगितल्यावर जावेच्या मुलाने “म्हणजे हा आपला आहे?” असं विचारलं. तो जन्माने अमेरिकन, पण डायनोसॉरच्या बाबतीत त्याने बाजू बदलली. पार्कातल्या सलीमगढच्या भुताटकीत धाकट्याला नेऊ नये असं माझं मत होतं. तो गेला, आणि रात्री नागावला दिवा मालवू देईना. संध्याकाळची परेड बघून बाहेर पडलो तेव्हा दोन-तीन राइड्स राहिल्या होत्या. त्या कोणत्या, हे आता मुलांनाही सांगता येणार नाही.

या सगळ्यात सासूबाई नव्हत्याच. राइडमध्ये बसायचं नसलेल्या माणसाने दिवसभर पार्कात बाकावर बसणं ही शिक्षा आहे. नवऱ्यालाही गोल फिरणारं काही सोसत नाही, तेव्हा आम्हाला फाटकाशी सोडून तो आईंना घेऊन पालीला गेला. याच रस्त्याने पुढे पाऊण तासावर बल्लाळेश्वर. दुसऱ्या दिवशी संकष्टी होती, आणि संकष्टीला तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आईंनीच आदला दिवस पसंत केला. दर्शन निवांत झालं. वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी आप्पांनी अर्पण केलेली पोर्तुगीज घंटा पाहिली, जवळच्या उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसल्या. रात्री आमच्यापेक्षा त्याच ताज्यातवान्या होत्या. घरात सत्तरीचं कोणी असेल तर थीम पार्कचा दिवस असा दोन तुकड्यांत वाटून घ्यावा.

खोपोली, पेण, वडखळ, पोयनाड, अलिबाग करत नागावला पोचायला दोन तासांच्या वर लागले. मुलं पेणच्या आधीच झोपली.

दुसरा दिवस मी मुद्दाम कोरा ठेवला होता, आणि शीटमधला खरा वाद या दिवसावरून होता. ‘काही नाही’ असं लिहिलेला रकाना भावोजींना बघवत नव्हता. त्यांनी तिथे हळूच ‘कुलाबा किल्ला, दुपारी 3’ असं भरून टाकलं. नागावला आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो ते काका सुपारीच्या वाडीत पाट मोकळे करत होते. त्यांनी नुसतं विचारलं, “आज तिथ कोनती?” चतुर्थी, असं आई म्हणाल्या. “मग तीनला पोहत जाताव काय?”

अष्टागरात, म्हणजे अलिबागच्या या किनारपट्टीत, शाळेतल्या पोरालाही हे गणित येतं. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीचे चार, त्याची पाऊणपट तीन. म्हणजे तीनला ऐन भरती, आणि त्याच्या सहा तास मागे-पुढे ओहोटी. पंचमीला पावणेचार, म्हणजे सकाळी पावणेदहाच्या सुमाराला पाणी सर्वांत खाली. पक्ष कोणताही असो. भावोजींनी फोनवर भरतीचं कोष्टक काढून ताडून पाहिलं. थोडाफार फरक निघाला, पण किल्ल्याला चालत जायचं तर तीनची वेळ साफ चुकीची हे कोष्टकानेही सांगितलं. भरतीला होडी मिळते, नाही असं नाही. पण मुलांना पाण्यातून चालत जायचं होतं, आणि मलाही.

यातच एक मेख आहे. अष्टमीला ओहोटी बरोबर दुपारी बाराला येते, म्हणून सोयीची वाटते, पण तेव्हा भांग असते. पाणी वर फार चढत नाही आणि खालीही फार उतरत नाही. पुनवेला आणि अवसेला उधाण. पाणी खूप मागे हटतं, पण ते पहाटे आणि दिवस मावळताना. किल्ला बघायला सोयीच्या म्हणजे मधल्या तृतीया, चतुर्थी, पंचमी, तेही सकाळी. सहलीची तारीख ठरवताना मी कॅलेंडरवर आधी हेच बघते. भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे एका दिवसाने फसलेला बेत दुसऱ्या दिवशी जमू शकतो, फक्त तो दुसरा दिवस हाताशी असावा लागतो. इमॅजिकाचं फाटक रोज ठरल्या वेळी उघडतं, तिथे कितीही घट्ट बेत आखा. इथे किनाऱ्यावर मात्र बेताला थोडी सैल गाठ लागते.

कोरा दिवस कोराच गेला, म्हणजे भरगच्च गेला. पोरं दहाला उठली, पोटऱ्या धरून चालत होती. वाडीतल्या पाटात कागदी होड्या सोडल्या. आईंचा उपास, म्हणून दुपारी घरात साबुदाण्याची खिचडी; आम्हा बाकीच्यांना काकूंनी बांगडा आणि सोलकढी दिली. संध्याकाळी नागावच्या किनाऱ्यावर मोठी तिघं बनाना बोटीत बसून मुद्दाम पाण्यात पडून आली. वॉटर पार्कची आठवण कोणी काढली नाही. कोकणात यायचंच असेल तर त्याच्यावर वेगळा दिवस घालवू नये, या माझ्या मतात आता जाऊबाईही सामील आहेत.

पंचमीला सकाळी अलिबागला गेलो. घोट्याएवढ्या पाण्यातून, मधे जेमतेम गुडघ्याला लागेल इतक्यातून चालत. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी घोडागाडी असते, आई तिच्यात बसून आमच्या आधी पोचल्या. किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये सुरू करवलं, पुरं झालं ते संभाजी महाराजांच्या काळात. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं. तटाचे प्रचंड दगड चुना न घालता एकावर एक रचलेत, फटींतून पाणी आत-बाहेर करतं आणि लाटेचा मार बसत नाही. आत गणपतीचं देऊळ, गोड्या पाण्याची विहीर, आणि उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर ठेवलेल्या दोन इंग्रजी तोफा. त्यांच्यावर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव अजून वाचता येतं. धाकट्याने प्रत्येक तोफेला “ही चालते का?” असं विचारलं. दीड तासात परत फिरा, असं गाडीवाल्याने दोनदा बजावलं होतं. फिरलो तेव्हा जाताना घोट्याला लागलेलं पाणी मुलाच्या मांडीला लागत होतं.

जंजिरा या खेपेला सोडला. राजपुरीहून शिडाच्या होडीने जायचं, रांग, ऊन, नागावहून येणं-जाणं, त्याला सबंध दिवस हवा. वाटेत कोर्लई आहेच, जिथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. घाईत उरकण्यासारखं ते नाही.

संध्याकाळी पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांची मेजवानी. ही शीटमध्ये नव्हती, कारण ती ठरवून मिळत नाही. वालाच्या शेंगा भरलेल्या असाव्या लागतात, थंडी असावी लागते, आणि कोणाला तरी हुक्की यावी लागते. काकांनी बांधावरून भांबुर्ड्याचा पाला आणला. मडक्याच्या तळाशी पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मसाला चोळून केळीच्या पानात गुंडाळलेलं चिकन, अंडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च कोंबलेला. पाण्याचा थेंब नाही. आईंसाठी वेगळं मडकं, त्यात बटाटे, वांगी, कांदे. अलिबागचा जीआयवाला, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला, पांढरा कांदा अजून शेतातच होता, काकूंनी दोन-चार उपटून आणले, कोवळेच. मडकी उपडी घालून भोवती झावळ्या आणि पेंढा पेटवला. अर्ध्या तासाने काकांनी मडक्यावर पाणी शिंपडलं, ते चर्रकन उडून गेलं, म्हणजे झालं. थोरली बोटं भाजून घेत शेंगा सोलत बसली. भावोजींनी किती वाजले हे एकदाही पाहिलं नाही. मी पाहत होते, त्यांच्याकडे.

आता हिशोब, कारण मैत्रिणी तोच विचारतात. मुंबई-पुण्याहून येत असाल आणि फक्त पार्क बघायचं असेल, तर सकाळी निघून रात्री घरी परतता येतं. कोल्हापूर-नाशिककडून एवढ्या लांब येत असाल तर जवळपास एक रात्र काढा आणि दुसऱ्या दिवशी वॉटर पार्क करा, तेव्हा तो वसूल होतो. पार्क आणि किनारा दोन्ही हवं असेल तर पार्कला एक, लगेच पुढचा मोकळा, आणि त्यानंतर ओहोटी ज्या दिवशी सकाळची सापडेल तो किल्ल्याला. पार्क आधी, समुद्र नंतर. उलट केलंत तर किनाऱ्यावरही पोरं “पार्कला कधी?” एवढंच विचारत राहतात.

परतताना गाडीसकट मांडव्याहून रो-रोने, म्हणजे गाड्या वाहणाऱ्या बोटीने, भाऊच्या धक्क्याला आलो. मार्च 2020 पासून ही सोय आहे. तासाभरात मुंबई, आणि वडखळ टळतं. गाडीची जागा आधीच राखून ठेवावी, रविवारी संध्याकाळी ऐनवेळी मिळेल या भरवशावर जाऊ नये. आम्ही शनिवारी सकाळी उलट्या दिशेने निघालो होतो, त्यामुळे गर्दी सगळी समोरून येत होती. वरच्या डेकवर चहा घेताना आईंनी जाहीर केलं, की महडचा वरदविनायक राहिला, तो खोपोलीच्या अलीकडेच आहे, तेव्हा पुढच्या खेपेला सकाळी आधी महड आणि मग तुमचं ते पार्क. कोणत्या महिन्यात, एवढंच मी विचारलं. कोणत्या तिथीला, हे भावोजींनी विचारलं.