निवड मुलाची, तयारी शाळेची

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३१ नुसार ६ ते १८ वर्षे वयाच्या लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे; आणि ते परिसरातील शाळेत घ्यायचे की विशेष शाळेत, ही निवडही त्याचीच आहे. ही तरतूद मला फार मोलाची वाटते. मात्र गावातल्या जिल्हा परिषद शाळेत अंध किंवा कर्णबधिर मुलाला प्रत्यक्षात काय मिळते हे पाहिले, की ही निवड कागदापुरतीच उरते की काय, अशी शंका येते.

अंध विद्यार्थ्यांना पुस्तके वाचून दाखवण्यासाठी मी काही काळ एका विशेष शाळेत जात असे. तिथे तिसरीतला एक मुलगा टेलर फ्रेमवर, म्हणजे अंध मुलांच्या गणिताच्या पाटीवर, हातच्याची बेरीज करत होता. पाटीवरच्या अष्टकोनी खळग्यात धातूचा खिळा बसवायचा, तो कोणत्या दिशेला वळला आहे ते बोटांनी चाचपायचे आणि त्यावरून अंक ओळखायचा. चुकला, की बाई त्याचा हात धरून तोच खळगा पुन्हा दाखवत. ब्रेल पाटीचेही तसेच आहे : उजवीकडून डावीकडे टोचत लिहायचे आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचे. हे रोज, शेजारी बसूनच शिकवावे लागते. जिल्हा परिषद शाळेत येणाऱ्या, अनेक शाळा सांभाळणाऱ्या फिरत्या विशेष शिक्षकाला ते कसे जमावे? मग मूल ऐकून पाठ करते, हुशारही म्हणवले जाते, पण शुद्धलेखन आणि आकडेमोड यांना मुकते.

कर्णबधिर मुलाची अडचण याहून मूलभूत आहे, कारण बहुतेकांचे आईवडील ऐकू येणारे असतात आणि सांकेतिक भाषा घरात नसते. ती त्याला आपल्यासारख्या मुलांत आणि कर्णबधिर शिक्षकांकडून मिळते. ऐकणाऱ्यांच्या वर्गात एकट्याने बसवल्यास त्याची कोवळी वर्षे भाषेविना निघून जातात.

आपल्याकडे विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आणि इतर शाळा शालेय शिक्षण विभागाकडे आहेत. माझे स्पष्ट मत आहे, की विशेष शाळांतील अनुभवी शिक्षकांना आसपासच्या जिल्हा परिषद शाळांशी अधिकृतपणे जोडले पाहिजे, आणि तोवर पटसंख्येचे कारण देऊन एकही निवासी विशेष शाळा बंद करू नये.