पणजोबांच्या चित्रातलं भोक

संगमनेरचा वाडा विकायचा ठरला तेव्हा माळ्यावरची ट्रंक माझ्या वाट्याला आली, म्हणजे खरं तर कुणालाच नको होती म्हणून आली. वर जुन्या सतरंज्या, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि तळाशी मेणकापडात गुंडाळलेला एक जाडजूड अल्बम. आमचे पणजोबा पीडब्ल्यूडीत ओव्हरसीअर होते, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सला शिकलेले, तेच कॉलेज १९११ पासून कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झालं. तेव्हा या लोकांना ड्रॉइंग यावंच लागायचं. पण पणजोबा नकाशे काढून झाले की डोंगर काढत बसायचे हे घरात फक्त चेष्टेत ऐकलेलं. अल्बममध्ये ४१ कागद निघाले. थोडी पेन्सिलची कामं, बाकी सगळे वॉटरकलर.

आता आधी आम्ही घरच्यांनी काय काय वाट लावली ते सांगतो, कारण पुढचा निम्मा खर्च त्यातच गेला. दोन चित्रं काकांनी फ्रेम करून हॉलमध्ये खिडकीसमोर लावली होती, चाळीस वर्षं. एक चित्र फाटलं म्हणून आजीने की अजून कुणी मागून सेलोटेप मारलेला, त्याचा गोंद कागदात मुरून पुढच्या बाजूला तेलाच्या डागासारखा उमटला होता. आणि आत्याने एक चित्र ‘टिकावं म्हणून’ चक्क लॅमिनेट करून आणलेलं, कॉलेजच्या मार्कशीटसोबत. मी पण काही कमी नाही, अल्बम सापडला त्याच रात्री एक सुटलेला कोपरा फेविस्टिकने चिकटवला. नंतर त्यावरून जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही.

पहिल्यांदा गेलो स्कॅनिंगच्या दुकानात. तिथला पोरगा म्हणाला सर पानं सुटी करून द्या, फीडरमधून दोन मिनिटात काढतो. शंभर वर्षांचा कागद आणि फीडर! तसाच परत फिरलो. मग एका चित्रकार मित्राने मुंबईच्या एका कागद संवर्धन करणाऱ्या ताईंचा नंबर दिला.

मला वाटलेलं अल्बम देऊन यायचं आणि महिन्याभराने नवाकोरा घेऊन यायचं. तर ताईंनी पहिल्या दिवशी काहीच केलं नाही. फक्त एकेक पान उलटून फोटो काढले, पुढून, मागून, आणि दिवा बाजूने आडवा धरून, म्हणजे कागदाचे फुगवटे सुरकुत्या दिसतात. पानांचा क्रम वहीत लिहून काढला. म्हणाल्या आधी हे, मग हात लावायचा, कारण क्रम एकदा गेला की गेला. मग एक कागद उजेडासमोर धरून मला दाखवला, कागदाच्या आत ‘जे व्हॉटमन’ आणि खाली १९११ असं फिकट उमटलेलं. इंग्लंडमधल्या केंटचा कागद, तेव्हा वॉटरकलरवाल्यांचा लाडका. मी लगेच खूश, चला वर्ष मिळालं. तर म्हणे नाही, हे कागद बनल्याचं साल, चित्र त्याच्या आधीचं नाही एवढंच यातून कळतं, पुढे किती वर्षं कोरा कागद पेटीत पडून होता कुणास ठाऊक.

हॉलमधल्या दोन फ्रेम उघडल्या तेव्हा मात्र पोटात कालवलं. आम्ही लहानपणापासून त्यातल्या एका चित्राला ‘ढगाळ दिवस’ म्हणायचो, सगळं आकाश राखाडी निळं. माउंटचा पुठ्ठा उचलला तर त्याखाली दबलेली पाव इंचाची पट्टी निघाली आणि ती होती गुलाबी! जांभळट, केशरी, अगदी ताजी. म्हणजे ती संध्याकाळ होती. कारमाइनसारखे जुने लाल रंग उन्हात उडून जातात, सोबतचा निळा तेवढा मागे राहतो, त्यामुळे आमची संध्याकाळ चाळीस वर्षांत ढगाळ झाली. हे परत आणता येत नाही. म्युझियमवाले वॉटरकलरवर ५० लक्सच्या आसपासच उजेड ठेवतात, तोही थोडेच महिने, हे तेव्हा कळलं. आमच्या हॉलमध्ये दुपारी वर्तमानपत्र दिव्याशिवाय वाचता यायचं.

बाकी काम म्हणजे प्रचंड पेशन्सचं. मऊ ब्रशने धूळ काढणं, रबराचा चुरा हलक्या बोटाने फिरवणं, प्रत्येक रंगावर कापसाच्या टोकाएवढा ओलावा लावून तो सुटतो का बघणं. वॉटरकलर धुवायचा प्रश्नच नाही, रंगच वाहून जाईल, त्यामुळे तपकिरी ठिपके बरेचसे तसेच ठेवले. फाटलेल्या जागी मागून जपानी कागदाची पातळ पट्टी आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. खळ का, तर उद्या कुणाला काढायची झाली तर पाण्याने सुटते. आत्याच्या लॅमिनेशनला हातच लावला नाही, प्लास्टिक ओढलं तर रंग त्याच्यासोबत येणार. आत्या विचारते काय झालं माझ्या चित्राचं, मी म्हणतो सगळ्यात सेफ आहे.

पानांच्या मागे मोडीत लिहिलेलं होतं. आम्हाला कुणाला मोडी येत नाही, पुण्याच्या एका मोडी वाचणाऱ्या काकांकडे फोटो पाठवले. माझी अपेक्षा फार मोठी होती, निसर्गाबद्दल काही चिंतन वगैरे असेल. निघालं काय तर दूध, सुपारी, टपाल, धोब्याचे कपडे सात. पण एका चित्राच्या मागे होतं, ‘पाऊस आला, अर्धे राहिले’. ते पान उलटून बघितलं तर आकाशात बारीक बारीक गोल पांढुरके डाग, ज्यांना मी इतके दिवस बुरशी समजत होतो. ते थेंब होते! ओल्या रंगावर पडलेले पावसाचे थेंब. ताईंच्या यादीत मी ते ‘काढायचे डाग’ म्हणून लिहायला लावले होते.

आणि सात पानांच्या मागे एकच शब्द, भंडारदरा.

इथे जरा थांबतो. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं धरण, विल्सन डॅम, याचं काम १९१० ला सुरू झालं आणि १९२६ ला पुरं झालं. दगडी बांधकाम, उंची साधारण २७० फूट. गव्हर्नर सर लेस्ली विल्सनचं नाव दिलं. मागे जो तलाव झाला तो आर्थर लेक. आपण सगळे तिथे काजवे बघायला आणि पावसाळ्यात भजी खायला जातो. पणजोबा या कामावर होते, आणि ती सात चित्रं पाणी भरायच्या आधीच्या दरीची आहेत. भाताची खाचरं, बांधावरची झाडं, मधून नदी, मागे डोंगरांची रांग.

त्यातल्या सगळ्यात मोठ्या चित्रात डोंगराच्या माथ्यावर एक पांढरा ठिपका होता, मुगाच्या डाळीएवढा. मला खात्री, कसर लागलीय नाहीतर रंग उडालाय. ताईंना म्हटलं हे भोक तेवढं रंगाने भरून टाका, फार डोळ्यात येतं. त्यांनी मायक्रोस्कोपखाली बघितलं, म्हणाल्या भोक नाहीये, कागद शाबूत आहे आणि रंग उडाल्याचीही खूण नाही, इथे रंग लावलेलाच नाही, कडेने ब्रश वळवलाय. आधी जागा शोधा, मग ठरवू.

म्हणून डिसेंबरात चित्राची मोठी प्रिंट काढून धरणाजवळच्या शेंडी गावाला गेलो. धरणाच्या भिंतीवरून काही जुळेना. रस्त्याने रतनवाडीच्या बाजूला गेलो, डोंगर जुळायला लागले पण कोन चुकत होता, अजून डावीकडे जायला पाहिजे होतं आणि डावीकडे पाणी. शेवटी एक होडी केली. होडीवाले मामा साठीच्या पुढचे, प्रिंट हातात घेऊन बराच वेळ बघत बसले, मग वल्हं मारत मारत मला मधे नेऊन उभं केलं. म्हणाले, ‘आता बघा सायेब. हा रतनगड, हा बाजूला खुट्टा.’ मी प्रिंट समोर धरली आणि रेघ न रेघ बसली. मी विचारलं आणि हे वर भोक कसलंय? ते हसायलाच लागले. ‘नेढं हाये की ते!’

रतनगड किल्ल्याच्या माथ्यावरचं नेढं, म्हणजे खडकातलं आरपार भोक. मी स्वतः दोनदा त्यात बसून डबा खाल्लाय हो! खालून ते उजेडाचा ठिपका दिसतं आणि पणजोबांनी तेवढा कागद कोरा सोडला होता. मी ते भरायला सांगून आलो होतो. होडीतूनच ताईंना फोन लावला पण रेंज नव्हती, शेंडीला परत येईपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता, जरी त्यांनी मी सांगितल्याशिवाय काही केलं नसतंच.

अजून एक गोष्ट कायद्याची, ती थोडक्यात. अमेरिकेतल्या चुलतभावाला निम्मी चित्रं हवी होती, आणि त्याचा हक्क आहेच. पण १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, शंभर वर्षांवरची चित्रं त्यात येतात आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेताच येत नाहीत, बॅगेत टाकून पण नाही. त्याला आधी वाटलं मी नाटक करतोय. दोन महिने अबोला. मग नीट केलेले मोठ्या साइझचे फोटो पाठवले, बाजूला रंगांची पट्टी ठेवून काढलेले, म्हणजे तिकडे प्रिंट काढली तरी हिरवा हिरवाच येतो. त्याने रतनगडाचं छापून लावलं.

मूळ चित्रं आता आम्लरहित कागदात, एका चपट्या बॉक्समध्ये, माझ्या कपाटाच्या मधल्या खणात आहेत, बाथरूमच्या भिंतीपासून लांब. अल्बमचं जुनं कव्हर पण ठेवलंय.

होडीवाल्या मामांना ती प्रिंट दिली. पैसे घ्यायला नको म्हणाले, मग घेतले. परत येताना प्रिंट मांडीवर ठेवून त्यांनी बोट खाचरांवरून फिरवलं, आणि पाण्याकडे मान करून म्हणाले, ‘आमचं रान हितंच कुठंतरी खाली. आजा सांगायचा.’