कानाला यंत्र लागलं, पण कान तयार व्हायला वेळ लागला

इचलकरंजीत उभं आयुष्य मागावर काढलेल्या माणसाला कमी ऐकू येतं, याचं गावात कुणालाच नवल नाही. धोट्याच्या मागांची शेड चालू असली की आवाज सहज नव्वद डेसिबलच्या वर जातो. आम्ही जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती-देखरेख करणारी मंडळी, ओठ आणि हातवारे बघूनच एकमेकांशी बोलायचो. त्यामुळे बायको "अहो, टीव्ही बारीक करा" म्हणून कावली तरी मला वाटायचं, वय झालं, चालायचंच. खरी अडचण निराळीच होती. आवाज यायचा, शब्द कळायचा नाही. भाजीवाली साठ म्हणाली की मी आठ ऐकायचो. नातीचं बोलणं तर निम्मं हवेतच जायचं.

आधी एका दुकानात गेलो. तिथल्या पोरानं कानात साधं डोकावूनही न बघता यंत्र अडकवलं, मागून टाळी वाजवली आणि म्हणाला, "येतंय न्हवं?" टाळी मला यंत्राशिवायही येत होती! तिथून उठलो आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मळ काढला, पडदा तपासला आणि ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची चाचणी घेऊन यंत्र बसवणाऱ्या, बाईंकडे धाडलं. यंत्र घेणाऱ्यानं हा क्रम चुकवू नये.

चाचणीला बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात. बारीकसा 'टूं' आला की बटण दाबायचं. २५० हर्ट्‌झपासून ८००० हर्ट्‌झपर्यंत, आवाज कमी कमी करत. आपण ऐकतोय की नुसतं वाटतंय, हेच कळेनासं होतं. मग कानामागच्या हाडावर एक ठोकळा ठेवून पुन्हा तेच. त्यावरून बिघाड बाहेरच्या-मधल्या कानात आहे की आतल्या, ते समजतं. माझ्या आलेखाची रेघ खालच्या पट्टीत बरी होती, पुढं घसरत जाऊन ४००० पाशी खड्डा, आणि ८००० ला जराशी वर. बाईंनी मी काही सांगायच्या आधीच विचारलं, "काका, कारखान्यात होता का?" मोठ्या आवाजानं गेलेल्या कानाची ती खूण. आतल्या शंखातल्या केसाळ पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. बोलण्यातले स्वर जोरकस आणि खालच्या पट्टीतले, ते मला मिळायचे. स, श, फ ही नाजूक व्यंजनं वरच्या पट्टीतली, ती गळायची. साठचा आठ असा झाला होता.

अपंगांसाठीच्या सरकारी योजनेतून यंत्र मिळतं का, तेही विचारून घेतलं. त्यासाठी अपंगत्वाचा दाखला लागतो, आणि २०१६ च्या कायद्याप्रमाणं दोन्ही कानांची हानी किमान ६० डेसिबल हवी. माझ्या खालच्या पट्टीनं सरासरी सावरून धरलेली, त्यामुळं दाखला नाही. यंत्रावर जीएसटी नसतो, तेवढाच दिलासा. विकणारे चॅनेलचे, म्हणजे यंत्र आवाजाचे किती पट्टे वेगवेगळे सांभाळतं त्याचे, आकडे सांगून किंमत चढवतात. माझं मत विचाराल तर चॅनेल दोन कमी असलेले चालतील, पण यंत्र लावून देणारं माणूस पक्कं हवं.

बाईंनी यंत्र बसवताना कानात एक बारीक नळी सोडली आणि पडद्याजवळ आवाज खरोखर किती पोचतो ते कॉम्प्युटरवर मोजलं. मग मुद्दाम थोडा कमीच ठेवला. "कानाला जे सापडत नव्हतं ते मेंदू विसरलाय, एकदम ओतलं तर तुम्ही यंत्र काढून ठेवाल," म्हणाल्या. खरं होतं. कमी ठेवूनही घरी फोडणीची तडतड अंगावर यायची. कॅरीबॅगची चुरचूर, पंखा, माझ्याच चपला! स्वतःचा आवाज तर रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलावं तसा घुमायचा. त्यावर उपाय साधा निघाला. कानात जाणारा बंद रबरी डोम काढून भोकांचा बसवला, आणि घुमणं जवळजवळ गेलं. प्रत्येक फेरीला आवाज थोडा वाढत गेला.

अंघोळ आणि झोप सोडून यंत्र कानातच ठेवायचं, अशी सक्त ताकीद होती. शिवाय घरचा अभ्यास. नात पेपर मोठ्यानं वाचायची आणि मी तीच बातमी डोळ्याखालून घालायचो. पुढं पेपर तिनं काढून घेतला. "आज्जा, आता न बघता सांग." नावं आणि आकडे सगळ्यात अवघड गेले, कारण त्यात अंदाज चालत नाही. काही महिन्यांनी ती स्वयंपाकघरातून बोललेलंही कळायला लागलं.

सांभाळायचं फार नाही. माझ्या यंत्राला तपकिरी स्टिकरचे ३१२ नंबरचे सेल लागतात. ते हवेवर चालतात, म्हणून स्टिकर काढल्यावर दोन-चार मिनिटं उघडे ठेवून मग घालायचे. आणि स्टिकर निघाला की वापरा न वापरा, ते उतरायला लागतात. पावसाळ्यात रात्री सिलिका जेलच्या डबीत यंत्र ठेवतो, नाहीतर दमटपणानं आवाज बसतो.

लग्नाचा हॉल मात्र अजून जमत नाही. चारी बाजूंनी बोलणं आलं की यंत्रही गोंधळतं. भिंतीला पाठ करून, ज्याच्याशी बोलायचं त्याच्या समोर बसलं तर निभतं. डीजे सुरू झाला की यंत्र काढून डबीत टाकतो आणि जेवायला उठतो.