मुक्काम बोलोन्या, सोबत बाबागाडी

इटलीला येतोय, पोरं लहान आहेत, मुक्काम कुठे करू? ओळखीपाळखीतून हा प्रश्न आला की मी डोळे झाकून बोलोन्या सांगते. आम्ही इथेच राहतो, तेव्हा थोडा पक्षपात धरून चला. पण नकाशा उघडून बघा. वेगवान गाडीने फ्लॉरेन्स चाळीस मिनिटांच्या आतबाहेर, मिलान तासाभरावर, व्हेनिस दीड तासावर. रवेन्ना, रिमिनी, व्हेरोना तर साध्या रेज्योनाले, म्हणजे प्रादेशिक गाडीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत. दर दोन दिवसांनी हॉटेल बदलत बॅगा, डायपर आणि झोपमोड झालेलं पोर अशी वरात काढण्यापेक्षा एकच घर भाड्याने घ्यावं आणि रात्री आपल्याच गादीवर झोपावं.

आमची थोरली पाच वर्षांची, धाकटा आता दोनाचा होईल. नवऱ्याची नोकरी इथल्या एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत, म्हणून आम्ही इथे. इतके दिवस राहून माझं एक मत पक्कं झालंय: मुलं घेऊन इटलीत फिरायचं तर घड्याळ इटलीचंच मानायचं. जेवण, झोप, दुकानं, दवाखाना, सगळ्याच्या वेळा इथे ठरलेल्या असतात आणि त्या आपल्यासाठी कोणी बदलत नाही. एकदा त्या वेळांना शरण गेलं की हा देश मुलांच्या बाबतीत अतिशय मायाळू आहे. रांगेत उभे असलात आणि कडेवर मूल असलं तर कोणीतरी पुढे ढकलतंच. बसमधल्या आज्या गालाला हात लावल्याशिवाय उतरत नाहीत.

आधी शहराविषयी. बोलोन्याचे फुटपाथ कमानींच्या छताखालून जातात. या पोर्तिकोंची एकूण लांबी सुमारे 62 किलोमीटर आहे आणि 2021 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. कलेच्या इतिहासात त्यांचं काय स्थान असेल ते असो, बाबागाडीवाल्यांसाठी याचा अर्थ एवढाच की नोव्हेंबरच्या पावसात पोर ओलं होत नाही आणि जुलैच्या दुपारी भाजत नाही. सान लुका या टेकडीवरच्या देवळापर्यंत जाणारा पोर्तिको जवळजवळ पावणेचार किलोमीटरचा, 666 कमानींचा. पण मेलोन्चेल्लोच्या कमानीनंतर चढ आणि पायऱ्या लागतात. तिथे बाबागाडी घेऊन जाऊ नका. पियाझ्झा माज्जोरे या मुख्य चौकातून छोटी पर्यटकांची गाडी वर जाते, तिने जा आणि मुलं चालणारी असतील तर उतरताना चाला.

पियाझ्झा माज्जोरेतच व्होल्तोने देल पोदेस्ता नावाचा एक घुमटाकार कमानीचा बोळ आहे. त्याच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत भिंतीकडे तोंड करून दोघांनी उभं राहायचं. एकाने कुजबुजलेलं दुसऱ्याला तिरकस पलीकडे स्वच्छ ऐकू येतं, मधून माणसांची येजा चालू असली तरी. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा थोरली नाक भिंतीला टेकवून बराच वेळ विचार करत होती. पलीकडे बाबा कान लावून उभा. शेवटी आठशे वर्षं जुन्या दगडांतून निरोप आला: बाबा, मला शू आलीय.

त्याची सोय समोरच आहे. चौकाला लागूनच साला बोर्सा हे सार्वजनिक वाचनालय. प्रवेश फुकट, मुलांचा वेगळा विभाग, जमिनीवर लोळत पुस्तकं चाळता येतात, आणि मधल्या दालनाच्या काचेच्या जमिनीखाली रोमन काळातले अवशेष दिसतात. थंडीत, पावसात किंवा नुसतं टेकायला याच्याइतकी चांगली जागा शहरात नाही. हिरवळ हवी तर जार्दिनी मार्गेरिता. तिथल्या तळ्यातली कासवं आमच्या धाकट्याची नातेवाईक आहेत. दोन मनोऱ्यांचे फोटो सगळीकडे दिसतात, पण मुलांना वर न्यायचं कबूल करू नका. शेजारचा गारिझेंदा जास्तच कलतोय म्हणून 2023 पासून उंच असिनेल्लीही बंद आहे.

आता पोटाकडे वळू, कारण मराठी मंडळींचे निम्मे प्रश्न याचेच असतात. त्रात्तोरियाचं, म्हणजे इथल्या साध्या खाणावळीचं, स्वयंपाकघर दुपारी साडेबारा ते अडीच आणि रात्री साडेसातनंतर चालतं. मधल्या वेळात कितीही गयावया करा, पास्ता मिळत नाही. आपली माणसं नाश्ता भरपेट करून दुपारी तीनला जेवायला निघतात आणि मग सँडविचवर भागवतात. साडेबाराच्या ठोक्याला टेबलावर बसा. चार-साडेचारला इथल्या मुलांसारखी मेरेंदा, म्हणजे फोकाच्चा या चपट्या पावाचा तुकडा नाहीतर जेलातो, इथलं आइस्क्रीम. मग साडेसातपर्यंत पोरं तग धरतात. मेनूत नसला तरी ‘पास्ता इन बियान्को’ मागा. बटर किंवा ऑलिव्ह तेल आणि चीज घातलेला साधा पास्ता, जवळपास कुठेही करून देतात. बिलात माणशी दोन-तीन युरो कोपेर्तो लागतो. ती फसवणूक नव्हे, टेबलावर बसण्याची आकारणी आहे.

शाकाहारी असाल तर बोलोन्यात जरा सावध. तोर्तेल्लिनी, म्हणजे सारण भरलेला छोटा पास्ता, यांत डुकराचं मांस असतं आणि ते मांसाच्या रश्शात येतात. थोराड भाऊ तोर्तेल्लोनी मात्र रिकोता चीजचे, तेही बटर आणि सेजच्या पानांत परतलेले. ते बिनधास्त घ्या. नुसतं मांस नको म्हटलं तर हॅम चालेल का असं निरागसपणे विचारणारे वेटर भेटतील, म्हणून ‘सेन्झा कार्ने, सेन्झा प्रोशुत्तो, सेन्झा पेशे’ (मांस नको, हॅम नको, मासे नको) अशी पूर्ण आरती म्हणायची. क्रेशेन्तीने ही तळलेली पुरी आणि पियादिना ही पारंपरिक पोळी यांत डुकराची चरबी असते. तेलातली पियादिना मिळते, विचारून घ्या. आणि पार्मेजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध फाडणारं रेनेट असतं. हे कळल्यावर माझ्या सासूबाईंनी दोन दिवस चीज सोडलं, तिसऱ्या दिवशी विषय काढायचा नाही असं ठरलं.

या पार्मेजानोच्या पट्ट्यातल्या गोठ्यांवर पंजाबी माणसं मोठ्या संख्येने काम करतात हे इथे येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. रेज्जो एमिल्याजवळच्या नोवेल्लारात 2000 सालापासून मोठा गुरुद्वारा आहे. पास्त्याचा कंटाळा आला की आम्ही तिकडे गाडी वळवतो. लंगरात मांडी घालून गरम डाळ-रोटी, मुलं हॉलभर पळतात तरी कोणी डोळे वटारत नाही. पोहे, तूरडाळ, गूळ यांच्यासाठी इतकं लांब जायला नको. बोलोन्यात बांगलादेशी आणि पाकिस्तानी दुकानांत सगळं मिळतं, कढीपत्त्याचं मात्र नशीब.

सहलींपैकी मुलांबरोबर सगळ्यात जमलेली म्हणाल तर रवेन्ना. सपाट गाव, गाड्या कमी, आणि पाचव्या-सहाव्या शतकातली मोझेक. गाल्ला प्लाचिदिया या रोमन सम्राज्ञीच्या समाधीत वेळ ठरवून थोडेथोडे लोक सोडतात आणि पाचेक मिनिटांत बाहेर काढतात. मोठ्यांची कुरकुर असते, पण दोन वर्षांच्या पोराची कलेची भूकही तेवढीच, हिशोब बरोबर बसतो. आत अंधार, छत ठेंगणं, आणि गडद निळ्यावर सोनेरी चांदण्या. धाकटा एरवी कुठेही गप्प बसत नाही, तो मान मागे टाकून बघत राहिला. शेजारच्या सान व्हिताले चर्चमध्ये सगळे वर बघत असतात, तुम्ही मुलांना खाली बघायला सांगा. जमिनीवर एक चक्रव्यूह आखलेला आहे. थोरली त्याच्या रेषांवरून चालत राहिली आणि आम्हाला मोझेक निवांत बघायला मिळाली. तिकीट एकत्रित मिळतं, समाधीची वेळ आधी राखून ठेवा.

रिमिनीला समुद्र उथळ आहे, कमरेएवढ्या पाण्यासाठीही बरंच आत चालावं लागतं, म्हणून लहानांना उत्तम. छत्र्या-खाटांच्या रांगा भाड्याच्या असतात, फुकटचे तुकडेही अधूनमधून आहेत. जेवणानंतर अचानक पाणी रिकामं झालेलं दिसेल, घाबरू नका. जेवल्यावर तीन तास पाण्यात उतरायचं नाही हा इथल्या आज्यांचा नियम आहे आणि त्या तो आपल्या मुलांनाही लागू करतात.

व्हेनिसला बाबागाडी घरी ठेवा. पूल म्हणजे पायऱ्या, आणि पूल संपत नाहीत. धाकटा पाठपिशवीत, थोरली पायी, आणि 1 नंबरच्या वापोरेत्तोने, म्हणजे पाण्यावरच्या बसने, ग्रँड कॅनॉलभर सफर. सहा वर्षांखालच्यांना तिकीट नाही, मोठ्यांचं 75 मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरो. 2024 पासून काही ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्यांकडून प्रवेश शुल्क घेतात. चौदा वर्षांखालच्यांना ते माफ आहे, पण आपल्या तारखा तपासून या. पिसाला मनोरा चढायचा बेत असेल तर आठ वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत. आम्ही म्हणून पिसा ठेवूनच दिलं.

रोमला उन्हाळ्यात गेलात तर पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. रस्त्यारस्त्यावर सुमारे 2500 लोखंडी नळ अखंड वाहतात, पाणी पिण्याचं. तोटी बोटाने दाबली की वरच्या भोकातून कारंजं उडतं. हे एकदा पोरांना दाखवलं की पुढची देवळं-खंडहरं बघताना लाच म्हणून वापरता येतं. सरकारी संग्रहालयं आणि कोलोसियम अठरा वर्षांखालच्यांना फुकट असतात, पण कोलोसियमला फुकटचं तिकीटही आधी काढावं लागतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनाच प्रवेश मोफत, आणि म्हणूनच मुलं घेऊन त्या दिवशी जाऊ नये. वाचलेल्या पैशाचा गर्दीत चुराडा होतो.

गाड्यांचं एवढं लक्षात ठेवा: रेज्योनालेत चार वर्षांखाली तिकीट नाही, बारापर्यंत अर्धं. कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं, नाहीतर तिकीट असूनही दंड. बोलोन्यात वेगवान गाड्यांचे 16 ते 19 हे फलाट जमिनीच्या खूप खाली आहेत आणि लिफ्टला रांग असते, म्हणून बाबागाडी असेल तर पंधरा मिनिटं हाताशी ठेवा. शोपेरो, म्हणजे संप, हा इथला नित्याचा प्रकार. आधी जाहीर होतो, आणि कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 ठरावीक रेज्योनाले धावतातच. त्या वेळांत प्रवास बसवा. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे यायचे महिने. ऑगस्टमध्ये, विशेषतः 15 तारखेच्या फेर्रागोस्तो या सणाच्या आसपास, बोलोन्यासारखी शहरं ओस पडतात आणि कोपऱ्यावरच्या बेकरीलाही सुट्टीची पाटी लागते.

राहायलाच येणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. मुलांच्या जन्मदाखल्यांवर भारतातच अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, करून घ्या, इथून ते काम निस्तरणं महाकठीण. आल्यावर आठ कामाच्या दिवसांत पोस्टातून पेरमेस्सोचा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा, अर्ज जातो. नुसती पावती हातात असताना शेंगेनमधल्या दुसऱ्या देशांच्या सहली आखू नका. आरोग्यसेवेत नाव नोंदवलं की मुलांना ठरलेला बालरोगतज्ज्ञ मिळतो, तपासणीची फी नसते. लसीकरणाचं कार्ड जिवापाड जपा. 2017 च्या कायद्याने दहा लसी सक्तीच्या आहेत आणि त्याशिवाय पाळणाघरात किंवा बालवाडीत प्रवेश नाही. आमच्या डॉक्टरीणबाईंना दंडावरच्या बीसीजीच्या व्रणाचं फार कुतूहल वाटलं.

पाळणाघरात पहिले काही दिवस आईनेही बसायचं, मग रोज थोडं थोडं बाहेर जायचं. ऑफिसातून आधीच रजा सांगून ठेवा. शाळेतल्या जेवणात मांस नको असेल तर तसा अर्ज करता येतो. आणि मुलाला आत कानोत्तिएरा, म्हणजे बनियन, घातलाच पाहिजे. मे महिन्यात बनियनशिवाय पोर खाली नेलं तर दुसऱ्या मजल्यावरच्या आजी जिन्यात अडवून वारा लागण्यावर प्रवचन देतात. मला माहेरी आल्यासारखं वाटतं.

घर बघताना वीज किती किलोवॅटची ते विचारा. बहुतेक घरांत 3 किलोवॅट असते. वॉशिंग मशीन चालू, ओव्हनमध्ये केक, आणि त्यात इंडक्शनवर पोळीचा तवा चढवला की सगळं घर अंधारात, आणि बऱ्याच इमारतींत मीटर तळमजल्यावर. हीटिंगलाही कॅलेंडर आहे, आमच्याकडे 15 ऑक्टोबर ते 15 एप्रिल. त्याआधी थंडी पडली तर स्वेटर घाला. भारतातला मिक्सर खुशाल आणा, व्होल्टेज सारखंच आहे, फक्त पिनेला अडॅप्टर लागतो. चटणी वाटण्याआधी मशीन बंद आहे ना ते तेवढं बघा.